जाड पुस्तक, पातळ पुस्तक

माय, घरात एक पुस्तक घेतलं आहे आणि त्याच्यापायी मला तुझा राग आलेला आहे. राग काही नवा नाही. इतकी वर्षं तो एका कोपऱ्यात गुमान बसून होता, या पुस्तकाच्या गोष्टीवरून उठला. तू म्हणशील, पुस्तकाचा आणि माझा काय संबंध. तेच सांगते, पण तू मध्ये बोलायचं नाही. जन्मभर तूच बोललीस.

पुस्तक म्हणजे पोथी नाही, शाळेचंही नाही. खेळाचं पुस्तक आहे. तुझ्या नातीला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि कंपनीने घरूनच काम करायला सांगितलं, तेव्हापासून ती इथे राळेगावलाच आहे. दर रविवारी दुपारी समोरच्या खोलीत चटई टाकून ती खेळ मांडते. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. दाराशी म्हातारा बसला आहे, तुम्ही काय करता, असं चालवणारा विचारतो. मग कुणी म्हणतं मी त्याच्याशी बोलतो, कुणी म्हणतं मी मागच्या भिंतीवरून चढतो, आणि ते जमलं की फसलं हे फासा सांगतो. फासा वीस बाजूंचा, बोराएवढा. फासे म्हटल्यावर पहिल्या रविवारी मी देवघराचा पडदाच ओढून घेतला होता. यात पैसा लावत नाहीत याची उभ्या उभ्या खात्री केली, तेव्हा कुठे पडदा सरकवला.

खेळायला येणारे दोघंच. एक आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल चालवतो तो, तोंडाने मोकळा, मनाने वाईट नाही. दुसरी झेडपीच्या शाळेतली मास्तरीण, आर्णीकडच्या तांड्यावरची, इथे खोली करून राहते. नवऱ्याचं घर सोडून आली आहे. हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि गाव तिला ते विसरू देत नाही. मी चहा देत असे, भांडी उचलत असे, कान मात्र तिकडेच. एका रविवारी त्यांच्या गोष्टीत नदी आली आणि नदीकाठी नावाडी. तुझी नात त्या नावाड्याला फार गोड बोलायला लावत होती. मी पोळ्या लाटता लाटता आतून ओरडले, "पैसे पह्यले ठेव म्हणा, मंग नाव सोडतो म्हणा. उधारीवर नदी पार नाई होत." समोरच्या खोलीत हशा पिकला. मेडिकलवाला म्हणाला, "काकू, हे तं माह्या होलसेलवाल्याचा बापच आहे! या इकडं, बसा." तेव्हापासून मी चटईवर बसते. म्हाताऱ्या, सावकार, देवळातले पुजारी, चोरांच्या आया, सगळे माझ्या तोंडून बोलतात. मला ते येतं. का येतं ते तुला ठाऊक आहे.

मग कंपनीने पोरीला हैदराबादच्या ऑफिसात बोलावलं. खेळ चालवणार कोण? पोरीने वर्गणीच्या डब्यातून एक नवीन पुस्तक घ्यायचं काढलं आणि म्हणाली, "पुढचा खेळ आई चालवेल." मी नाही म्हणायच्या आत बाकी दोघांनी माना हलवल्या. मग मोबाईलवर पुस्तकं पाहणं सुरू झालं. ही पुस्तकं दुकानात मिळत नाहीत, मागवावी लागतात, आणि एकेका पुस्तकात आमच्या घराचा महिन्याचा किराणा येतो. मी एका कांद्यासाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारी बाई. ज्या डब्यात त्या तिघांचे पैसे होते त्यावर माझा जीव त्यांच्यापेक्षा जास्त अडकलेला.

तीन पुस्तकांवर येऊन गाडी थांबली. एक राक्षसांचं, पानोपानी चित्रं, शिंगं, दात, शेपट्या. मेडिकलवाल्याला ते पाहिजे होतं. मी म्हटलं, "घरात देव इतके नाईत बापा, राक्षस कुठं ठेवता?" ते तिथेच बाद झालं. दुसरं जाडजूड, विटेसारखं. त्यात एक अख्खी गोष्ट तयार होती. किल्ला, त्याची भुयारं, कोणत्या खोलीत कोण बसलं आहे, तो पहिलं वाक्य काय बोलेल, सगळं छापलेलं. चालवणाऱ्याने फक्त वाचून दाखवायचं. तिसरं पातळ, चित्राविना, आणि जाड पुस्तकाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीचं. त्यात गोष्टच नव्हती. नुसते प्रश्न. तुमच्या गावात पाणी कोण सोडतं? गाव कुणाला घाबरतं? सगळ्यांनी मिळून गाव बनवायचं आणि त्या गावातली माणसं चालवणाऱ्याने आपल्या मनाने उभी करायची.

मास्तरीण म्हणाली, "हेच घेऊ. काकू माणसं अशी उभी करते की पाहातच राहा."

मी म्हटलं, "जाड घ्या."

पोरगी म्हणाली, "आई, तुला बरं आहे ना? तू आणि महागडं?" मी म्हटलं, टिकाऊ आहे, पुठ्ठा चांगला आहे. ती म्हणाली, "पाचशे पानं इंग्रजी आहेत, तू वाचशील?" मी म्हटलं, "मॅट्रिकले इंग्रजीत पास झाली आहे मी." मेडिकलवाला हसून हसून चटईवर आडवा झाला. हे आतून ओरडले, "काहून वो, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पापड वाळवतं का?" घरात माझी अशी टिंगल क्वचितच झाली असेल. मी बसून राहिले. खरं कारण तोंडावर येऊ दिलं नाही. ते कारण तू आहेस.

श्रावणातल्या त्या दुपारी तुझ्याकडे बाया जमत. माजघरात सारवलेली जमीन, मध्ये पाट, पाटावर पोथी, आणि भोवती गोल करून बसलेल्या बाया, प्रत्येकीच्या पदरात घरचा कापूस. पोथी ऐकता ऐकता देवळासाठी वाती वळायच्या, ही आपल्याकडची पद्धत. तू चार ओव्या चालीवर वाचतेस, मग चष्मा कपाळावर सरकवून अर्थ सांगतेस. आणि अर्थ सांगताना तुझं सुरू होतं. पोथीतली कृपण सावकारीण उभी राहते ती थेट किराणावाल्याच्या बायकोसारखी, हनुवटी वर करून, पाय ओढत. पोथीतली भांडखोर सवत बोलते ती विहिरीजवळच्या मावशीच्या आवाजात. तू नाव कधीच घेत नाहीस. नाव घ्यायची गरजच नसते. बाया पदराआड हसतात, आणि जिच्यावर आलेलं असतं ती मान खाली घालून वात वळत राहते, एकच वात, वळून झालेली, पुन्हा पुन्हा. लोक म्हणत, हिची पोथी ऐकायला गर्दी होते, काय भक्ती आहे. भक्ती कसली. आज कुणाची पाळी हे पाहायला त्या येत. आणि आपण नाही गेलो तर आपलीच पाळी लागेल या भीतीनेही येत. ताप असला तरी येत.

मला तेव्हा तुझा अभिमान होता, हे मी नाकारत नाही. मी तुझ्या मांडीला लागून बसत असे.

मग मॅट्रिक झाल्यावर राजूरचे ते पाहुणे मला पाहून गेले आणि त्यांनी नाही कळवलं. मुलाच्या आत्याने विचारलं होतं, मुलीला काय काय येतं. मी घाबरून गेले होते. स्वयंपाक, शिवण, रांगोळी, पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "मले हिशेब येते." ते एकमेकांकडे पाहून हसले. निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी पोथी होती. अध्यायात राजकन्येचं स्वयंवर होतं. तू चष्मा वर सरकवलास. मान थोडी तिरपी केलीस, डावा खांदा वर घेतलास, माझा खांदा तसा वर जातो घाबरल्यावर, आणि माझ्या आवाजात म्हणालीस, "राजानं इचारलं, पोरी, तुले काय येते? तं ते म्हंते, मले हिशेब येते!" बाया हसल्या. अशा हसल्या की एकीच्या पदरातल्या वाती जमिनीवर सांडल्या. मी तिथेच होते, माय. तुझ्या मांडीला लागून. मी सांडलेल्या वाती गोळा केल्या आणि त्या बाईला परत दिल्या, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. तू पुढची ओवी वाचायला घेतलीस.

रात्रीच्या भाकरी थापताना मी तुला विचारलं होतं. तू तव्यावरची नजर काढली नाहीस. "तुह्यं नाव घेतलं का मी? मंग तुले कायले लागते? हसल्या तं हसल्या. चार बाया हसल्या म्हंजे गोष्ट जुनी होते, मंग कोणी इचारत नाही." हे तुझं औषध. माझ्यावर न विचारता घातलेलं. गोष्ट जुनी झाली नाही. लग्न होऊन मी इथे येईपर्यंत विहिरीवर पोरी मला पाहून खांदा उचलत असत. तू गेल्यावर तुझ्या तेराव्याला आलेल्या बाया डोळे पुसत म्हणाल्या, काय पोथी सांगे तुझी माय, अशी बाई होणे नाही. मी मान हलवली. तेव्हापासून मी रोज पोथी वाचते, एक दिवस चुकत नाही, पण मनात. ओठ हलू देत नाही. देवाला ऐकू जातं, तेवढं पुरे.

म्हणून मला जाड पुस्तक पाहिजे होतं. तिथे माणसं दुसऱ्याने बनवलेली. छापलेलं वाचायचं, माझ्या पदरचं काही घालायचं नाही. तुझा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला कळलेलं आहे, आणि त्याला मोकळं सोडायला माझी तयारी नव्हती.

पण पोरगी हट्टी, ती तुझ्यावर गेली आहे. तिने पातळ पुस्तकाची नमुन्याची पानं मोबाईलवर फुकट मिळवली आणि पुढच्या रविवारी म्हणाली, एकदा खेळून तर पाहू, फुकट आहे. फुकटाला मी काय म्हणणार. खेळ सुरू झाला. गावात भांडण कशावरून? मास्तरीण म्हणाली, "नळावरून." नळ सोडणारा कोण? मी म्हटलं, नळ सोडणारा गरीब आहे, त्याची बायको दारात स्टूल टाकून बसते. आणि बसलेच मी तशी. कमरेला किल्ल्या, एक भुवई वर. "आज तुमच्या आळीचा नंबर नाई बापा. मी काय करू? पाणी का माह्या माहेरून येते?" मेडिकलवाला ओरडला, "गॅसवाल्या काकी! हुबेहूब!" गावात सिलिंडरचे नंबर लावणारी बाई अशीच बसते. पोरीच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. आणखी एक, काकू, आणखी एक. माझा कणा आपोआप ताठ झाला होता, पाटासमोर तुझा होत असे तसा. जिभेवर गोड लागत होतं. इतकं गोड लागत असेल हे मला माहीत नव्हतं. तू का थांबत नव्हतीस ते त्या घटकेला कळलं, आणि त्याने तुझ्यावरचा राग कमी झाला नाही, वाढलाच.

तेवढ्यात मेडिकलवाला म्हणाला, "आता मॅडमच्या सासूले आणा! गावात एक सासू तं पायजेच." त्याच्या मनात वाकडं नव्हतं, हसण्याच्या भरात बोलला. त्या सासूला मी पाहिलेलं आहे. शाळेच्या फाटकापाशी येऊन एकदा तिने सुनेचं सगळं काढलं होतं, भर बाजाराच्या दिवशी. मी समोरच वांगी घेत होते. दर वाक्यामागे ती म्हणत होती, "आमी काई म्हनत नाई बापा," आणि म्हणायचं ते सगळं म्हणत होती. तो आवाज, तो हातवारा, सगळं माझ्या तोंडात तयार होतं. नुसतं ओठ उघडायचं बाकी होतं. मी मास्तरणीकडे पाहिलं. तिची मान खाली होती आणि ती अंगठ्याने फासा चटईत दाबत होती.

मी उठले. म्हटलं, चहा टाकते.

ओट्याशी उभी होते तर मागून मास्तरीण आली. "काकू, थांबल्या काहून?"

"चहा..."

"चहा आत्ताच झाला."

मी गॅस बंद केला. म्हटलं, "तुले लागलं असतं, बाई."

"लागलंच असतं," ती म्हणाली. "पण मंग मी बोलली असती ना तिच्याशी. त्या दिवशी फाटकापाशी माह्या तोंडून एक शब्द निघाला नाही. वर्गातले पोरं पाहून राह्यले होते. इथं आली असती ते, तं फासा टाकून पाह्यलं असतं, काय निघते तोंडातून."

"आन् नसतंच निघालं तं?"

"तं तुमाले बस म्हटलं असतं. त्या पुस्तकात पान नाई का तसं? तुमी वाचलं नाई वाटते. नुसती किंमत पाह्यली." आणि ती हसली, त्या दिवशी पहिल्यांदाच.

पान खरंच होतं. पोरीने मला मराठीत वाचून दाखवलं. खेळ सुरू करायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं की या गावात काय येऊ द्यायचं नाही. का, ते कुणी विचारायचं नाही. आणि खेळता खेळता कुणालाही जड झालं तर त्याने मध्ये ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठीवर हात ठेवायचा, की गोष्ट तिथून वळलीच पाहिजे. मी तिला ते दोनदा वाचायला लावलं. तुझ्या माजघरात असं पान नव्हतं, माय. तुझ्या बायांची पाळी यायची, पण त्यांना बोलायची पाळी कधी आली नाही. तू अध्याय संपवायचीस आणि लगेच आरती लावायचीस. जोडलेल्या हातांनी कोण काय बोलणार?

मी म्हटलं, पातळच मागवा. मेडिकलवाला म्हणाला, "अखेर काकू स्वस्तावर आल्याच!" त्याला तसंच वाटू दिलं. उरलेल्या पैशांत त्याचं राक्षसांचं पुस्तक पुढच्या वर्षी येईल, एवढंही कबूल केलं. खरं म्हणजे मी ते पुस्तक त्या एका पानासाठी घेतलं. कारण न सांगता एकाला गावाबाहेर ठेवता येतं, हे कळल्याबरोबर कुणाला ठेवायचं ते माझं ठरलं होतं. पोथी सांगणारी बाई या गावात नको. एवढं म्हटलं की झालं. मग माझ्या तोंडून कुणीही बोलो, तू बोलणार नाहीस.

काल पोरीचा इथला शेवटचा रविवार होता. पुस्तक आलेलं होतं, त्याला मी जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं आहे. समासात पोरीने मराठीत बारीक अक्षरांत सगळं लिहून दिलं. मग ते पान उघडलं आणि एकेकाने सांगायला सुरुवात केली. मेडिकलवाला नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, दवाखान्यातलं मरण नको. मास्तरीण म्हणाली, लहान लेकरांचे हाल नको. मी तिच्याकडे पाहिलं, सासूचं नाव तिने घेतलं नव्हतं. पोरगी म्हणाली, साप नको, बाकी काहीही चालेल. मग माझी पाळी आली. वाक्य सकाळपासून पाठ होतं. पोरीचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

मी म्हटलं, "उपाशी जनावर नको."

तिने लिहून घेतलं. विचारलं, "आणखी काही, आई?" पान अर्धं कोरं होतं. मी म्हटलं, "नाई, बस."

तुला माफ केलं असं समजू नकोस, तसं काही झालेलं नाही. काल रात्री पोरगी बॅगा भरत होती तेव्हा हे लिहायला घेतलं, आज ती गेल्यावर पुरं केलं. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही याचं मला बरंच वाटतं. नाहीतर तू ते चार बायांत वाचून दाखवलं असतंस, आणि चांगलं वाचलं असतंस, हेही मला माहीत आहे.